धोट्याच्या लाकडाचा मॅच्ड लोड

नायना,

आधी वस्तुस्थिती, आणि ती घडली त्याच क्रमाने. क्रम चुकला की निष्कर्ष चुकतो, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावत आलो. एक: आणीबाणी लागण्याच्या आदल्या वर्षी मी सोलापुरातील एका तंत्रशिक्षण संस्थेत व्याख्याता होतो आणि तेथील मायक्रोवेव्ह प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. दोन: त्या प्रयोगशाळेतील एकमेव मॅच्ड लोड माझ्या हातून मोडला. तीन: पंधरा दिवसांनी मान्यता समिती तपासणीस येणार होती, आणि नवा लोड मागवून तोवर हाती येणे अशक्य होते. चार: तुम्ही, म्हणजे अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यातील जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे, मागावरच्या एका जुन्या धोट्याचे लाकूड तासून त्याची पाचर केली आणि ती माझ्या हातात ठेवली. पाच: ती पाचर उपकरणात बसवून पाहिली असता अपेक्षित फल मिळाले नाही, व तसे मी तुम्हांस सांगितले. सहा: त्यानंतर साडेतीन वर्षांनी तुम्ही गेलात.

तुम्हांला मी कधी पत्र लिहिले नाही. शिष्यवृत्तीवर बाहेरगावी शिकत होतो तेव्हा पैसे पोचल्याची पोस्टकार्डे टाकली, त्यांना पत्र म्हणता येणार नाही. घरी तुम्ही अम्माशी तेलुगू बोलायचात; वडिलांना ‘नायना’ ही हाकही त्यातलीच. पण मी मराठी शाळेत जाऊ लागल्यापासून माझ्याशी मात्र हट्टाने मराठीच, मागावर शिकलेली. देवनागरी अक्षरे तुम्ही माझ्याकडून शिकलात, मी चौथीत असताना. माझ्या पाटीवर तुम्ही गिरवायचात आणि मी, नऊ वर्षांचा, तुमच्या चुका मोजायचो. तुम्ही ‘मी विचारलो’, ‘मी केलो’ म्हणायचात. मी दर वेळी ‘विचारले’, ‘केले’ अशी दुरुस्ती करायचो. तुम्ही दर वेळी ‘सरे’ म्हणायचात, म्हणजे ‘बरं’, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘केलो’. त्या वेळी मला तो तुमचा आळस वाटत असे.

त्या पाचरीविषयी लिहायचे तर आधी मॅच्ड लोड म्हणजे काय, हे लिहिले पाहिजे, कारण तो प्रश्न तुम्ही मला विचारला होता आणि मी त्याचे उत्तर दिले नव्हते. आज देतो. मायक्रोवेव्ह म्हणजे बोटा-दोन बोटांच्या लांबीच्या विद्युतलाटा. त्या तारेतून न्यायच्या नसतात. आयताकृती पोकळीच्या पितळी नळीतून न्यायच्या असतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, यावर सगळे अवलंबून असते. टोक पत्र्याने बंद केले तर लाट आपटून तशीच माघारी येते. उघडे ठेवले तरी थोडीफार माघारी येतेच. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात, आणि नळीत ठरावीक जागी जोर वाढतो, ठरावीक जागी तो क्षीण होतो; ते चढउतार जागचे हलत नाहीत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांचे गुणोत्तर काढले की किती लाट परतते ते कळते. काहीच परतत नसेल तर गुणोत्तर बरोबर एक. ते कोणालाही मिळत नाही. जितके एकाच्या जवळ, तितके चांगले.

लाटेला आपल्यात पूर्ण जिरवून घेणारा, काहीही परत न पाठवणारा जो तुकडा नळीच्या शेवटी बसवतात, तो मॅच्ड लोड. त्याच्या आत काळ्या, शोषक द्रव्याची एक निमुळती पाचर असते. लाट आधी तिच्या टोकाला भेटते, जिथे जवळजवळ काहीच नसते. मग थोडे अधिक, मग आणखी अधिक. आपण अडवले जात आहोत हे लाटेला कळायच्या आत ती संपलेली असते. त्याचा उपयोग स्वतःसाठी काहीच नाही. त्याचा उपयोग दुसऱ्याचे माप खरे यावे म्हणून. नळीत मध्ये कोणतीही वस्तू ठेवून ती लाटेला किती अडवते हे पाहायचे असेल, तर शेवटून काही परत येत नाही याची खात्री हवी. नाही तर जे मोजले ते त्या वस्तूचे की शेवटाच्या दोषाचे, हे कधीच कळत नाही.

हे इतके सोपे मी तुम्हांला त्या रविवारी सांगू शकलो असतो. प्रसंग मला लख्ख दिसतो. आपल्या स्वयंपाकघरात तिघे पाटावर: तुम्ही, मी, आणि माझा पुण्याहून आलेला सहकारी, ज्याची खानावळ रविवारी बंद असे. अम्मा चुलीपाशी भाकरी थापते आहे. सहकाऱ्याशी मी मुद्दाम जरा मोठ्याने प्रयोगशाळेविषयी बोलतो आहे. तुम्ही घास हातात तसाच धरून ऐकता, आणि विचारता, “शेवटाला काय लावत्यात म्हणालास? ते लाट खाऊन टाकतंय ते?”

“मॅच्ड लोड,” मी म्हणतो.

“म्हंजी धोट्याची पेटीच की.” तुमचा चेहरा एकदम उजळतो. तुम्ही घास खाली ठेवता आणि सहकाऱ्याकडे वळता. “ह्ये बघा साहेब. धोटा हिकडनं मारला की तिकडच्या पेटीत जातोय. पेटी ढिली आसली की आपटून माघारी येतोय, मग पुढचा मार कमी पडतोय, धोटा मधीच अडकतोय, आन् एका दणक्याला शे-दोनशे धागं तुटत्यात. लई घट्ट आसली तर धोट्यातली सुताची कांडीच फुटती. म्हणून पेटीला आतनं पट्टी आसती. ती आदी हळू धरती, मग घट्ट. धोट्याला कळत बी न्हाय, कवा थांबला. तसंच का न्हाय?”

तसेच होते, नायना. पुढे तीस वर्षे मी हा विषय शिकवला. त्यापेक्षा अचूक दृष्टांत मला कोणत्याही इंग्रजी ग्रंथात मिळाला नाही. पण त्या दिवशी मी म्हणालो, “प्रत्येक गोष्ट मागावर बसवू नका. धोटा ही वस्तू आहे, लाट ही वस्तू नव्हे. ज्यातले कळत नाही, त्यात उपमा देऊ नयेत.”

सहकारी हसत म्हणाला, “अहो, काका बरोबर बोलतायत. उद्या वर्गात हेच सांगा, पोरं निदान जागी तरी राहतील.” मी त्याच्याकडे पाहिले तशी त्याने चटणीत बोट घातले. अम्मा पाठमोरीच म्हणाली, “पेटी न् लाट! जेवू द्या की आधी. भाकरी गार होतीय.” आणि तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ दे. मी आपला विचारलो.” मी म्हणालो, “विचारले.” तुम्ही म्हणालात, “सरे.”

लोड मोडला तो माझ्या अहंकाराने. इतरांना मी हलगर्जीपणाबद्दल फाडून खात असे. माझ्या हातून हलगर्जीपणा झाला नाही, जे झाले ते त्याहून वाईट होते. आतली पाचर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावी, असे कोणी दाखवत नाही ते आपण दाखवावे, म्हणून मी लोड खोलला. पाचर हातात उंच धरली. ती ठिसूळ असते हे मला ठाऊक होते. शहाबादी फरशीवर तिचे तीन तुकडे झाले. मी म्हणालो, “अंतर्रचना पाहिलीत. आता आकृती काढा.” आणि खुर्चीवर बसलो. समितीने शेरा वाईट दिला असता तर प्रयोगशाळेची मान्यता जाणार होती. माझी नेमणूक तात्पुरती होती, ती कायम व्हायची की संपायची, हेही त्याच शेऱ्यावर होते.

हे मी अम्माला सांगितले. तुम्ही ओट्यावर बसून बिडी विझवत होता. संध्याकाळ होती. आत येऊन तुम्ही विचारलेत, “लाट केवढी आसती?”

“कशाला?”

“सांग की.”

“नळीत साधारण साडेचार सेंटिमीटर.”

तुम्ही अंगठा आणि तर्जनी ताणून हवेत तेवढे अंतर धरलेत. “आन् नळीचं भोक?”

मी एका चिठ्ठीवर रुंदी-उंची लिहून दिली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. तेवढ्या काटेकोरपणाची गरज नव्हती. तुमच्याकडे एक कानस, एक रंधा आणि डोळा, एवढीच साधने आहेत हे जाणून मी ते दशांश लिहिले होते. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, ओठ हलवत, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलीत.

लहानपणी मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात येत असे. तिथल्या दोन गोष्टी इथे नोंदवणे आवश्यक आहे. पहिली: बिघडलेल्या मागाजवळ गेल्यावर तुम्ही माग पाहत नसा, धोटा हातात घेत असा. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून सांगत असा: उजवी पेटी वाकडी आहे, किंवा दांडा उशिरा मारतो आहे. कुठे घासला, किती दिवस घासला, हे तुम्हांला लाकूड सांगत असे. दुसरी: जो धोटा तुम्ही बाद करायचात, त्याच्या शेपटाकडे कानशीने एक खाच पाडायचात, म्हणजे घाईत कोणी विणकर तो पुन्हा मागावर चढवणार नाही. खाच पाडल्याखेरीज धोटा बाद नाही. एकदा मालकाने एक धोटा रागाने कचऱ्यात फेकला, तेव्हा तुम्ही तो उचलून, कडा चाचपून, परत मागावर लावलात. “खाच कुटं हाय?” तुम्ही विचारलेत. मालक म्हणाला, “तुझा धोटा, तुझी खाच, तूच बघ बाबा.” आणि सगळी रांग हसली.

आठव्या दिवशी तुम्ही टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली पाचर ओट्यावर ठेवलीत. वर्षानुवर्षे तेल प्यालेले धोट्याचे लाकूड, वीतभराहून थोडे लांब. एका अंगाला नळीच्या भोकाएवढे भरीव, आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत इतके सावकाश निमुळते होत गेलेले की ते नेमके कुठे संपते हे डोळ्याला कळू नये. मॅच्ड लोड काळा असतो एवढे तुम्ही माझ्या तोंडून ऐकले होते. टॉर्चच्या संपलेल्या सेलमधल्या काळ्या कांड्या कुटून, ताण्याला लावतात त्या खळीत ती पूड कालवून, तिचे पातळ पातळ हात दिले होते. “पाच लाटांएवढी केलो,” तुम्ही म्हणालात. “धोट्याला थांबायला जागा लागती. लाटंला बी लागंल की.”

‘केले’ अशी दुरुस्ती मी केली नाही. तेवढेच मी त्या दिवशी चांगले केले. “बघतो,” म्हणालो.

आता मला थांबावे लागते. वर पाचव्या क्रमांकाची नोंद खोटी आहे. मी ती खोडत नाही; प्रयोगवहीत चुकीची नोंद खोडायची नसते, एक रेघ मारून शेजारी खरी लिहायची असते, हा माझाच नियम. खरी नोंद अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी, सहायक यायच्या आत, मी पाचर नळीच्या टोकात सरकवली. ती बसली, न ठोकता, न हलता, जशी काही त्या नळीतच वाढली होती. मापनाचा काटा मी नळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला. तो जवळजवळ हललाच नाही. मला वाटले, उपकरण बंद आहे. पाचर काढली, काटा उड्या मारू लागला. पुन्हा घातली, निश्चल. लाटेची कंप्रता बदलून पाहिली. पाचर उलटीसुलटी करून, काढून, पुसून, पुन्हा घालून, दुपारपर्यंत मी वीस-पंचवीस वेळा माप घेतले. मी चूक शोधत होतो. तुमच्या कामात चूक सापडावी म्हणून इतक्या चिकाटीने मी दुसरे कोणतेच संशोधन केले नाही. चूक नव्हती. मोडलेल्या परदेशी लोडच्या प्रमाणपत्रावर गुणोत्तर होते एक पूर्णांक आठ शतांश. तुमच्या पाचरीचे त्याहून कमी आले.

समिती आली. अध्यक्ष वृद्ध, कोरडे गृहस्थ होते. त्यांनी काटा स्वतःच्या हाताने सरकवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा सरकवला. इंग्रजीत विचारले, “हा लोड कोणी तयार केला?”

मी म्हणालो, “मी.”

“निमुळतेपणा किती लांबीवर?”

“पाच तरंगलांबी,” मी म्हणालो. तुमचे वाक्य. त्यांनी शेरा लिहिला, मला ऐकू जावा अशा बेताने शेजाऱ्याला वाचून दाखवला, आणि त्या वर्षी माझी नेमणूक कायम झाली.

त्या संध्याकाळी मी मोरीत हात धूत होतो. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. तुम्ही काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, “चालली नाही.” का म्हणालो, याची कारणे मी पुष्कळ वर्षे घडवली. तुम्ही आनंदाने कारखानाभर सांगितले असते. त्या कारखान्यातल्या दोघांची मुले आमच्याकडे शिकत होती. दोन दिवसांत ते संस्थेत पोचले असते. हे खरे आहे, पण हे कारण नव्हे. माझ्या प्रयोगशाळेतले सर्वांत अचूक माप, चौथीतल्या मुलाकडून अक्षरे शिकलेल्या माणसाने खळ आणि कोळसा वापरून मिळवले होते, आणि मला ते सहन झाले नाही. हे कारण.

“चालली न्हाय?” तुम्ही म्हणालात. “मग दे की माघारी. कुटं चुकलं बघतो.”

चार दिवस मी टोलवले. मग आणून दिली. तुम्ही खिडकीशी गेलात. पाचर उजेडात फिरवलीत. तिच्या चारही कडांना पितळेची पिवळी झाक आली होती, वारंवार नळीत सरकवल्याने, आणि तुमचा अंगठा त्या कडेवरून सावकाश टोकापर्यंत गेला आणि परत आला. पाठमोरेच तुम्ही विचारलेत, “किती येळा घातली?”

“एकदाच.”

तुम्ही पाचर पुन्हा टॉवेलात गुंडाळलीत. मग, “सरे.”

त्यानंतर तुम्ही आणखी पाच पाचरी केल्यात. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. एक अधिक लांब, एक आखूड, एकीला काळे हात दुप्पट. दर वेळी माझ्या टेबलावर आणून ठेवायचात. दर वेळी मी दोन दिवस पिशवीत वागवून परत आणायचो. “ही पण नाही.” मी त्यांपैकी एकही नळीत घातली नाही. तोवर नवा परदेशी लोड आला होता. अम्मा एकदा माझ्यावर चिडली, “डोळं गेलं त्यांचं ते लाकूड तासून. एकदा चांगलं म्हण की.” मी तिला म्हणालो, “विज्ञानात चांगलं म्हणायचं नसतं, मोजायचं असतं.” अशी वाक्ये मला फार सुचत.

शेवटच्या आठवड्यात तुम्हांला दम लागत होता. तुम्ही बसूनच झोपत असा. मी उशाशी. दुपार. बाहेर शेजारच्या मागांची खटखट, जी तुम्हांला ऐकूही येत नसे, इतकी ती तुमची होती. एकाएकी तुम्ही विचारता, “त्या नव्या लोडाचं किती येतंय?”

“एक पूर्णांक सात शतांश.”

“बरं हाय.” श्वास. “आन् माझ्या पयलीचं किती आलं हुतं?”

नायना, आकडा माझ्या जिभेवर होता. एक आकडा. तो सांगायला एक श्वास पुरला असता, आणि श्वास त्या खोलीत माझ्याकडेच होते. मी म्हणालो, “आता कशाला ते.” तुम्ही मान हलवलीत. जणू मीच दमलेला आणि तुम्ही मला विश्रांती देत आहात, अशी. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमची हत्यारांची पत्र्याची ट्रंक अम्माने कधी कोणाला उघडू दिली नाही. अम्मा गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली, आणि पुष्कळ दिवस मीही उघडली नाही. गेल्या महिन्यात उघडली. कानस, रंधा, चामड्याचे पट्टे, आणि तळाशी टॉवेलात सहा पाचरी. पाचांच्या जाड टोकाला कानशीची खाच आहे. स्पष्ट, तिरकी, कारखान्यातल्यासारखी. सहावीला नाही. सहावी म्हणजे तुमची पहिली. तिच्या कडा अजून पिवळसर आहेत. मी भिंगाखाली पाहिले. खाच नाही. सुरू करून सोडलेलीसुद्धा नाही.

तिच्याभोवती सुताने बांधलेली माझी ती चिठ्ठी होती. वर माझे सुबक दशांश. मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात, शिसपेन्सिलीने: ‘पयली. कीती आल.’ आणि पुढे मोकळी जागा. तीन शब्द, तीन चुका. मी त्या मोजल्या. या वयातही, त्या ट्रंकेपुढे जमिनीवर बसून, मी आधी चुका मोजल्या आणि मग वाचले. हेही नोंदीत असू द्या.

तेव्हापासून मी एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे, आणि त्याची दोनच उत्तरे संभवतात. तुम्हांला कळले नव्हते, असे धरले तर पहिलीला खाच पाडायची तुमच्याकडून राहून गेली. आणि मग साडेतीन वर्षे, डोळे जाईपर्यंत, तुम्ही अशी चूक शोधत राहिलात जी नव्हतीच, आणि स्वतःला अपयशी समजून गेलात. कळले होते, असे धरले तर ते त्याच संध्याकाळी, खिडकीशी, अंगठ्याला कळले. आणि मग पुढच्या पाच पाचरी लोडसाठी नव्हत्याच. त्या पाच वेळा तुम्ही मला खरे बोलायची संधी टेबलावर आणून ठेवलीत, पाच वेळा मी ती परत केली, आणि शेवटी उशाशी सहाव्यांदा. पहिले उत्तर खरे असेल तर मी तुमचे कौशल्य मारले. दुसरे खरे असेल तर तुम्ही मुलाचे खोटे साडेतीन वर्षे आपल्यात जिरवत राहिलात. ओरडला नाहीत, टोमणा मारला नाही, अम्माला सांगितले नाही. काहीही परत आले नाही. कोणते अधिक भयंकर, हे मी ठरवू शकत नाही. रात्रंदिवस पारडी बदलतात. ज्याने आयुष्यभर मोजमापावर व्याख्याने दिली, त्याच्याकडे हे मोजायचे साधन नाही, आणि तुम्ही नाही, आणि अम्मा नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

प्रयोगशाळाही राहिली नाही. त्या नळ्या भंगारात गेल्याचे ऐकले. पाचरी पुन्हा मोजायचे म्हटले तरी कुठे मोजणार?

हे पत्र कुठे टाकायचे नाही, हे मी जाणतो. ते ट्रंकेत, टॉवेलाच्या घडीत जाईल. मात्र एक कबुली द्यायची राहिली. हा तिसरा खर्डा आहे. पहिल्या दोन खर्ड्यांत पाचवी नोंद मी जशी होती तशीच ठेवली आणि सुंदर, सुसंगत, हृदयस्पर्शी पत्र पूर्ण केले. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, कोणीही वाचणार नसताना, मी तुम्हांला पुन्हा दोनदा तेच सांगितले: चालली नाही.

तुमच्या चिठ्ठीतील मोकळ्या जागेत मी आज शाईने आकडा भरला. पहिली: एक पूर्णांक चार शतांश. तुम्ही लेखी विचारले होते, लेखी उत्तर दिले. आता माझी मागणी. त्या संध्याकाळी, खिडकीशी, तुम्हांला कळले होते की नाही? होय किंवा नाही, एवढेच; पण तोंडी चालणार नाही, स्वप्नात चालणार नाही, माझ्या मनाने केलेला तर्क चालणार नाही. उत्तर लेखी हवे, तुमच्या हातचे. चुका मोजल्या जाणार नाहीत.